राष्ट्रपतींच्या समाधीला जावे काय?

वर्षावासाच्या दिवसांत आमच्या रोहण्याच्या विहारात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. निंदणाहून आलेल्या बाया हातपाय धुऊन येऊन बसतात. एखादी शाळकरी मुलगी वाचते. वाचन आटोपले की मजुरीचे, शाळेचे, सरकारचे बोलणे निघते. यंदा अशाच एका संध्याकाळी दिल्लीच्या सहलीचा विषय निघाला आणि त्यातून एक वाद उभा राहिला. वाद वरवर क्षुल्लक होता. पण तो जसजसा वाढत गेला तसतसे लक्षात आले की, आपल्या चळवळीने ज्या प्रश्नाला फारसा हात घातलेला नाही त्याच प्रश्नाभोवती आम्ही फिरत आहोत. म्हणून तो येथे मांडीत आहे.

रोहणा हे वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातले गाव. पुलगाव-आर्वी ही अरुंद रुळांची गाडी १९१७ साली सुरू झाली तेव्हा आमच्या गावाला स्टेशन मिळाले. ती गाडी बंद पडूनही आता बरीच वर्षे झाली. सहलीचे म्हणाल तर वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेतल्या मुलाला विचारा, त्याने सेवाग्राम आणि पवनार पाहिलेले असते. सहलीची वाट आपल्यासाठी दुसऱ्यांनी आखून ठेवलेली असते आणि तिच्यावरून आपण निमूट चालतो. आमच्या बायांनी मात्र बचत गटात पैसे जमवून स्वतःची सहल ठरवली. सेवाग्राम स्टेशनावरून गाडी, दिल्लीत तीन दिवस, चाळीसेक माणसे. पहिले दोन दिवस ठरून गेले. तिसऱ्या दिवसाच्या दुपारी एका तरुणाने सुचवले की, यमुनेकाठी के. आर. नारायणन यांची समाधी आहे, 'उदयभूमी' तिचे नाव, तिथे जाऊ. देशाचा पहिला दलित राष्ट्रपती. एवढ्या लांब जाऊन त्यांना न पाहता परत यायचे काय?

पासष्टी ओलांडलेल्या एका आजीने लगेच विचारले, "बाबासाहेबाची समाधी हाय का तिथं?"

"नाई आजी. थे मुंबईले, चैत्यभूमीले."

"मंग कायले जायचं? राष्ट्रपती त कितीक झाले न् गेले."

"पण थो आपल्यातला होता, आजी."

"आपल्यातला होता म्हंतं, तं आपल्यासाठी काय केलं थे सांग."

तरुण गप्प झाला. त्याला उत्तर ठाऊक नव्हते आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही नीट सांगता आले नसते. तीस-बत्तीस वर्षे मास्तरकी करून राष्ट्रपतींची नावे क्रमाने पाठ करून घेतली, पण आजीच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच पाठ्यपुस्तकात नव्हते.

आधी यमुनेकाठचा तो परिसर काय आहे ते पाहू. गांधींचा राजघाट, नेहरूंचे शांतिवन, शास्त्रींचा विजय घाट, इंदिरा गांधींचे शक्तिस्थळ, राजीव गांधींची वीरभूमी, चरणसिंगांचा किसान घाट, ग्यानी झैलसिंगांचे एकतास्थळ, शंकरदयाळ शर्मांची कर्मभूमी, बाबू जगजीवनराम यांच्या नावाचे समतास्थळ अशी ती रांग आहे. सत्तेवर असलेला माणूस गेला की त्याच्या नावाने हिरवळ राखायची, काळा किंवा पांढरा दगड बसवायचा आणि परदेशी पाहुण्यांनी तिथे फुले वाहायची, ही रीत पडून गेली. जागा पुरेनाशी झाली तेव्हा २०१३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने एकतास्थळाजवळ 'राष्ट्रीय स्मृतिस्थळ' नावाची एकच सामायिक जागा ठरवली. नरसिंह रावांचे स्मारक २०१५ साली तिथेच झाले. प्रणव मुखर्जींच्या स्मारकासाठीही २०२५ च्या जानेवारीत तिथेच जागा मंजूर झाली. म्हणजे कोणाची आठवण किती जागेत आणि कोणत्या नावाने ठेवावयाची, हा मंत्रिमंडळाने ठरवण्याचा विषय आहे.

या रांगेत घटनेच्या शिल्पकाराचे नाव नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब दिल्लीत गेले. त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईला आणले आणि ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर लाखो लोकांच्या समोर अग्निसंस्कार झाला. तिथला स्तूप ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकरांच्या हस्ते खुला झाला. त्याआधीही लोक जातच होते आणि आजही जातात, त्यांना कोणी परिपत्रक काढून बोलावीत नाही. यमुनेकाठच्या समाध्या पदामुळे उभ्या राहिल्या आणि चैत्यभूमी माणसामुळे. आजीने न वाचता ओळखले होते ते हेच.

पण आजीचे उत्तर येथे संपत असले तरी प्रश्न संपत नाही. पद म्हणजे काय? राष्ट्रपती हे पद आपल्या आयुष्याला कुठे शिवते? आमच्या कार्यकर्त्यांची सर्वसाधारण समजूत अशी की, राष्ट्रपती म्हणजे रबरी शिक्का. आमदार, तहसीलदार, ठाणेदार हे आपल्या रोजच्या भांडणातले. राष्ट्रपती फोटोत. ही समजूत किती अपुरी आहे ते मी माझ्या घरच्या अनुभवाने सांगतो.

माझ्या थोरल्या भावाने मॅट्रिक झाल्यावर केंद्र सरकारच्या एका कचेरीत अर्ज केला. लेखी परीक्षा तो पास झाला. मुलाखतीच्या वेळी कागद तपासणाऱ्या माणसाने शाळेचा दाखला उलटा-सुलटा करून पाहिला. दाखल्यावर 'बौद्ध' असे लिहिलेले होते. आमच्या वडिलांनी १९५६ नंतर मोठ्या अभिमानाने ते लिहवून घेतले होते. तो माणूस म्हणाला की, 'हिंदू महार' असा दाखला आणा, राखीव जागेत घेतो. बौद्धाला ती जागा नाही. भाऊ घरी आला. वडिलांनी दोन दिवस अन्न घेतले नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दाखला बदलायचा नाई." भाऊ नंतर आयुष्यभर जिनिंगमध्ये हमालीला गेला. त्या कागद तपासणाऱ्या माणसाला मी पुष्कळ वर्षे मनात शिव्या दिल्या. पुढे कळले की, त्याने नियमाबाहेर काहीच केले नव्हते. नियम दिल्लीहून आला होता आणि त्याच्या खाली राष्ट्रपतींच्या नावाची मोहोर होती.

तो नियम असा. घटनेच्या ३४१ व्या कलमानुसार कोणत्या जाती 'अनुसूचित' समजावयाच्या हे राष्ट्रपती जाहीर अधिसूचनेने ठरवतात. एकदा ती यादी निघाली की तिच्यात भर घालणे किंवा तिच्यातून वगळणे संसदेच्या कायद्यानेच होऊ शकते. १० ऑगस्ट १९५० रोजी 'संविधान (अनुसूचित जाती) आदेश' निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात म्हटले होते की, हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. पंजाबातल्या काही शीख जातींचा तेवढा अपवाद होता. १९५६ साली शिखांसाठी ही अट सैल झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नागपुरात आपण धम्म स्वीकारला आणि त्या एका वाक्यामुळे केंद्राच्या यादीतून बाहेर पडलो. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या. रेल्वे, टपाल, संरक्षण खाते, केंद्राच्या इतर नोकऱ्या यांचे दार मात्र बंदच राहिले. ते उघडले १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या कारकीर्दीत संसदेने आदेशात दुरुस्ती केली तेव्हा. मध्ये जवळजवळ ३४ वर्षे गेली. माझ्या भावाचे सगळे उमेदीचे वय त्या ३४ वर्षांत आले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावयास हवी. १९५० साली हा आदेश निघाला तेव्हा राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद होते आणि कायदामंत्री स्वतः बाबासाहेब होते. राष्ट्रपतीच्या सहीने निघणारी गोष्ट मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निघते. ७४ व्या कलमाने तो सल्ला राष्ट्रपतीवर बंधनकारक आहे. तेव्हा सगळे खापर एका माणसाच्या डोक्यावर फोडणे म्हणजे अभ्यास टाळणे होय. पण राष्ट्रपतीला स्वतःचे मतच नसते असेही नाही. राजेंद्र प्रसादांना हिंदू कोड बिल मान्य नव्हते आणि त्यांनी १९५१ च्या सप्टेंबरात नेहरूंना तसे कळवलेही होते. त्याच महिन्याच्या २७ तारखेला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. पुढे काशीत राष्ट्रपतींनी दोनशेच्या आसपास ब्राह्मणांचे पाय धुतले, त्यावर राममनोहर लोहियांनी सडकून टीका केली. प्रजासत्ताकाचा पहिला नागरिक जातीने श्रेष्ठ मानलेल्यांच्या पायाशी बसतो, तेव्हा घटनेतली समता कोणत्या कोपऱ्यात उभी असते? पाटण्याला त्यांचे स्मारक आहे. तिथे जाणाऱ्याने हेही सोबत न्यावे.

आता नारायणन यांच्याकडे येऊ. आजीचा सवाल त्यांच्याबद्दलच होता.

कोचेरिल रामन नारायणन हे केरळातल्या उळवूर गावचे, परवन या अस्पृश्य मानलेल्या जातीचे. वडील झाडपाल्याची औषधे देणारे वैद्य. शाळेला रोज पंधराएक किलोमीटर चालत जावे लागे आणि फी थकली की वर्गाबाहेर उभे राहून धडा ऐकावा लागे. १९४३ साली त्यांनी त्रावणकोर विद्यापीठातून इंग्रजी साहित्याची परीक्षा पहिल्या वर्गात पार केली. काही काळ वृत्तपत्रात बातमीदारी केली. १९४५ च्या एप्रिलात मुंबईत त्यांनी गांधींची मुलाखत घेतली. गांधींचे त्या दिवशी मौन होते, उत्तरे कागदावर लिहून मिळाली. तरुण नारायणन इंग्लंडला निघाले होते आणि त्यांना विचारावयाचे होते की, तिकडे अस्पृश्यतेबद्दल कोणी विचारले तर आपण काय सांगावे. हा प्रश्न आमच्या वर्धेकडच्या लोकांनी आपल्या आश्रमात कधी विचारला असता तर बरे झाले असते, असे माझ्या मनात येते. असो. टाटांच्या शिष्यवृत्तीवर ते लंडनला हॅरोल्ड लास्की यांच्या हाताखाली शिकले, परत येऊन परराष्ट्र सेवेत गेले, चीन आणि अमेरिकेत राजदूत झाले, १९८४ पासून तीनदा ओट्टपालमहून लोकसभेत निवडून आले, १९९२ साली उपराष्ट्रपती आणि २५ जुलै १९९७ रोजी राष्ट्रपती झाले. त्यांच्याविरुद्ध टी. एन. शेषन उभे होते. नारायणन यांना ९५ टक्क्यांच्या आसपास मते मिळाली.

आमच्या तरुण कार्यकर्त्यांचा आक्षेप नेमका येथेच असतो. ते म्हणतात की, हा माणूस चळवळीतून आलेला नाही, काँग्रेसने उभा केला आणि साऱ्या पक्षांनी निवडून दिला. ज्याला सगळ्या प्रस्थापितांची मते मिळतात तो आपला कसा? आक्षेप पोरकट नाही. १९३२ च्या पुणे करारापासून आपला प्रतिनिधी दुसऱ्यांच्या मतावर निवडून येतो, हे आपले जुने दुखणे आहे. सर्वोच्च पद मिळालेला दलित हा पुष्कळदा व्यवस्थेच्या दिवाणखान्यातली शोभेची वस्तू ठरतो. 'पाहा, आम्ही जात मानत नाही' असे म्हणण्यासाठी तिचा उपयोग होतो आणि त्याच वेळी गावात पाण्यावरून डोकी फुटत असतात.

पण शोभेची वस्तू हलत नाही. नारायणन हलले, आणि त्यांनी काय काय केले ते पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली आहे. ती वापरावयाला कणा लागतो. १९९७ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशात कल्याणसिंग सरकारने विश्वासमत जिंकलेले असताना गुजराल मंत्रिमंडळाने तिथे राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. नारायणन यांनी ती परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. पुढच्या वर्षी वाजपेयी मंत्रिमंडळाने बिहारसाठी तीच शिफारस केली, तीही त्यांनी परत केली. दोन्ही वेळा सरकार वेगवेगळ्या पक्षांचे होते. पुढे १९९९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत बिहारातल्या शंकरबिघा आणि नारायणपूर येथे दलितांची कत्तल झाली. त्यानंतर मंत्रिमंडळाने दुसऱ्यांदा सल्ला दिला तेव्हा मात्र त्यांनी सही केली. राज्यसभेत बहुमत नसल्याने ती राजवट मार्चमध्येच मागे घ्यावी लागली, हा भाग निराळा.

दुसरी गोष्ट न्यायालयाची. १९९८ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुकांची फाईल त्यांच्यापुढे आली तेव्हा त्यांनी तिच्यावर शेरा लिहिला की, अनुसूचित जाती-जमातींतल्या पात्र व्यक्तींचाही विचार व्हावा. त्यावर मोठा गहजब झाला. गुणवत्तेची आठवण अशा वेळी सर्वांना एकदम होते. २००० साली के. जी. बालकृष्णन सर्वोच्च न्यायालयात आले आणि २००७ साली देशाचे पहिले दलित सरन्यायाधीश झाले. एका शेऱ्याने हे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण तो शेरा त्याच्याआधी कोणत्याही राष्ट्रपतीने लिहिला नव्हता, हे तर खरे?

आणि तिसरी गोष्ट. २००० साली प्रजासत्ताकाला पन्नास वर्षे झाली. त्या वेळी घटना बदलण्याच्या दृष्टीने आयोग नेमण्याची भाषा सुरू होती. २७ जानेवारी २००० रोजी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात सत्ताधाऱ्यांच्या देखत नारायणन यांनी विचारले की, घटनेने आपल्याला निराश केले आहे की आपणच घटनेला निराश केले आहे, हे आधी तपासावे. हा युक्तिवाद बाबासाहेबांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणाच्या अंगाने जाणारा आहे. घटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट असतील तर ती वाईट ठरेल, असे तिथे बाबासाहेब बजावून गेले होते. ५० वर्षांनी ते बोलणे राष्ट्रपतीच्या तोंडून त्याच वास्तूत पुन्हा ऐकू आले.

एवढे सगळे मी दोन दिवसांनी विहारात सांगितले. आजीने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मंग आपल्या दीक्षाभूमीवर कधी आला का थो?"

आला होता. नागपूरच्या दीक्षाभूमीवरच्या स्तूपाचे बांधकाम १९७८ साली सुरू झाले, आणि १८ डिसेंबर २००१ रोजी त्याचे उद्घाटन राष्ट्रपती नारायणन यांच्याच हातून झाले. रोहण्याहून त्या दिवशी कोणकोण गेले होते याची विहारात लगेच उजळणी झाली. आजीची धाकटी बहीण गेली होती. "पांढऱ्या टोपीतला का?" असे कोणीतरी विचारले, दुसऱ्याने "नाई, थो उघड्या डोक्याचा" असे सांगितले, आणि त्यावर जरा वेळ वाद चालला. वीस-बावीस वर्षे ज्या स्तूपाला आम्ही प्रदक्षिणा घालतो तो कोणाच्या हस्ते खुला झाला याचा आम्हांला विसर पडला होता.

मग समाधीला जावे काय? येथे मी एक भेद करू इच्छितो. १९४३ साली पुण्यात रानड्यांच्या जयंतीच्या व्याख्यानात बाबासाहेबांनी विभूतिपूजेबद्दल विचार मांडला. थोर माणसाबद्दल आदर दाखवणे ही एक गोष्ट आणि त्याच्या पायाशी आपली बुद्धी ठेवणे ही अगदी वेगळी गोष्ट, असा त्याचा आशय. आमच्या सहलींत या दोन्हींची गल्लत होते. समाधीपाशी गेलो की चपला काढतो, हात जोडतो, फोटो काढतो, आणि तो माणूस कोण होता हे न विचारता बसमध्ये चढतो. देव सोडले पण दर्शनाची सवय सुटली नाही. यमुनेकाठी असे जावयाचे असेल तर आजीचे म्हणणे बरोबर आहे, कापूस वेचून जमवलेले पैसे त्यापायी घालवू नयेत. कारण मग रामनाथ कोविंद २०१७ साली राष्ट्रपती झाले तेव्हाही आपण जातीच्या नावाने टाळ्या वाजवणार, २०२२ साली द्रौपदी मुर्मू पहिल्या आदिवासी राष्ट्रपती झाल्या तेव्हाही टाळ्या वाजवणार, आणि आपल्या मुलाच्या जात पडताळणीच्या कागदासाठी मात्र वर्षभर चकरा मारणार. टाळी वाजवण्याला माझा विरोध नाही. टाळी वाजवून झाल्यावर काय, हा प्रश्न आहे.

उलट त्या जागेवर उभे राहून कोणी ३४१ वे कलम वाचले, १९५० चा आदेश काय होता आणि १९९० साली काय बदलले हे आमच्या मुलांना सांगितले, तर ती समाधी पुस्तकाच्या पानासारखी उपयोगी पडेल. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेल्या दलितांसाठी तो तिसरा परिच्छेद आजही लागूच आहे, हेही तिथेच बोलता येईल. आपले दार उघडले म्हणून आपण गप्प बसलो, हे आपल्याला शोभणारे नाही.

विहारातल्या काही जणांचे म्हणणे पडले की, मृत राष्ट्रपतीपेक्षा राष्ट्रपती भवनच पाहावे. मला आधी ते पटले नाही. इंग्रजांनी रायसीना आणि माल्चा या गावांच्या जमिनी काढून घेऊन ती टेकडी बांधली. माल्चाचे लोक सोनिपतकडे जाऊन वसले. व्हाइसरॉयसाठी बांधलेला ३४० खोल्यांचा तो वाडा, त्याचे कौतुक आपण काय करावयाचे? पण तयारीसाठी वाचत गेलो तसा मी बदललो. त्याच वाड्याच्या दरबार हॉलमध्ये, २०२४ पासून ज्याला गणतंत्र मंडप म्हणतात, १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाने शपथ घेतली. त्यात बाबासाहेब होते. ज्याला शाळेत कोपऱ्यात गोणपाटावर बसवले त्याने त्या छताखाली कायदामंत्री म्हणून शपथ घेतली. त्याच दालनात, राष्ट्रपतीच्या आसनामागे, गुप्तकाळातली बुद्धमूर्ती उभी आहे, अभयमुद्रेत. प्रवेशाच्या बाजूला चंपारण्यातल्या रामपुर्व्याहून आणलेला अशोकस्तंभावरचा बैल आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. घुमट पाहिला तर सांचीच्या स्तूपाची आठवण होते. व्हाइसरॉयने आपल्या दिमाखासाठी हे सारे गोळा केले असेल. तरी या देशात राज्याचे चिन्ह शोधावयास निघाले की बुद्ध आणि अशोक यांच्यापाशीच यावे लागते, हे काय सांगते?

"दरबारात बुद्ध हाय?" आजीने मध्येच थांबवून विचारले. "उभा का बसला?"

"उभा, आजी."

"मंग थो पाहू."

राहिली ती २६, अलीपूर रोडची वास्तू. तिच्याबद्दल वाद झालाच नाही, पहिल्या दिवशीची सकाळ तिच्यासाठीच ठेवली होती. राजीनाम्यानंतर बाबासाहेब तिथे राहिले, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ तिथे पुरा केला आणि तिथेच गेले. तो सिरोहीच्या संस्थानिकाचा जुना बंगला आता उरलेला नाही. तो खाजगी मालकीत गेला, पाडला गेला, लोकांनी मागणी लावून धरली, पुष्कळ वर्षांनी सरकारने जागा परत मिळवली, आणि १३ एप्रिल २०१८ रोजी उघड्या पुस्तकाच्या आकाराची नवी इमारत उभी राहिली. राष्ट्रपती नसलेल्या माणसाच्या घरासाठी एवढी वर्षे लागली. आमच्या बाया रोज संध्याकाळी ज्या पानांचे वाचन ऐकतात ती पाने तिथे लिहिली गेली, हे त्यांना सांगितल्यावर कोणाला दुसरे काही विचारावेसे वाटले नाही.

तेव्हा ठरले ते असे. पहिल्या सकाळी अलीपूर रोड. तिसऱ्या दिवशी सकाळी राष्ट्रपती भवन, आणि तिथून दुपारी उदयभूमी, पण अर्धाच तास. हार न्यावयाचा नाही. ज्या तरुणाने विषय काढला त्याने नारायणन यांच्यावर दहा मिनिटे बोलावयाचे आणि बी.ए. ला असलेल्या एका मुलीने १९५० च्या आदेशावर. आजीने अट घातली की मुलीने आधी बोलावे, "पोट्टे लांबवते."

राष्ट्रपती भवनाला आधी नावे नोंदवावी लागतात आणि सोबत ओळखपत्र लागते. सोमवारी ते बंद असते, म्हणून दिवसांची आखणी एकदा पुन्हा बदलावी लागली. मुले विहारात बसून चाळीस जणांची आधार कार्डे गोळा करीत आहेत. सात बायांच्या कार्डावर नाव एक आणि मतदार यादीत दुसरे असे निघाले आहे, आजीच्या कार्डावर तर जन्मतारीख १ जानेवारी घातलेली आहे. आर्वीला जाऊन ती दुरुस्त करून आणावयाची की तशीच चालवावयाची, यावर उद्याच्या वाचनानंतर बोलणे होईल.